खिडकीची बाजू

मुंबईहून नाशिककडे निघालेला प्रवासी तिकिटाची, फराळाची, पाण्याची तजवीज आधीं करतो. परंतु कोणत्या अंगाच्या खिडकीशीं बसावें हा विचार त्याला सुचतो तो बहुधा जागा भरून गेल्यावर. वस्तुतः हें गणित फार सोपें आहे. मार्ग कोणत्या दिशेस जातो, डोंगर कोणीकडे आहेत आणि त्या वेळीं सूर्य कोठें असतो, एवढें ठाऊक असलें म्हणजे झालें.

मात्र डावें-उजवें तें गाडीच्या तोंडावरून धरावयाचें, बसणाऱ्याच्या हातावरून नव्हे. एंजिनाकडे पाठ करून बसलेल्याचा उजवा हात गाडीच्या डाव्या अंगास असतो. एवढ्याशा गोष्टीवरून सुशिक्षित कुटुंबांतहि वाद माजतात.

कल्याण सोडल्यावर लोहमार्ग ईशान्येस वळतो. वासिंद, आसनगांव, आटगांव, खर्डी, कसारा हीं स्थानकें शहापूर तालुक्यांतलीं. वासिंदपर्यंत रूळ 1855 सालीं आले. थळ घाट चढून इगतपुरी गांठावयास 1865 साल उजाडलें. या टापूचें भूषण म्हणजे माहुली किल्ला. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन गड एकाच डोंगरावर असून शेजारीं उभे सुळके आहेत. 1636 सालीं मोगल व आदिलशाही फौजांनीं शहाजीराजांना येथेंच वेढलें होतें. हा डोंगर आसनगांवच्या वायव्येस, म्हणजे नाशिककडे जाणाराच्या डाव्या हातास येतो.

सकाळची गाडी असेल तर डाव्या खिडकीला तोड नाहीं. सूर्य उजवीकडे असल्यामुळें बसणाराच्या डोळ्यांवर ऊन येत नाहीं, आणि तेंच ऊन माहुलीच्या पूर्वेकडील कड्यांवर पडून त्यांची प्रत्येक घळ स्पष्ट दिसते. शिवाय आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाड्या डाव्या रुळावरून धांवतात. समोरून येणारी गाडी आडवी येते ती उजव्या खिडकीला. दुपारनंतर मात्र हिशेब उलटतो. सूर्य पश्चिमेस कलला कीं माहुलीची केवळ काळी आकृति उरते, आणि उजवीकडे दूरवरच्या सह्याद्रीच्या भिंती उजळतात. नाशिकहून संध्याकाळीं परतणारानें तरीहि उजवी खिडकी धरावी. मावळतीच्या तांबूस आभाळावर ते सुळके जसे उठून दिसतात तसे भर उन्हांत दिसत नाहींत.

कसाऱ्यापुढें या नियमाचें फारसें चालत नाहीं. तेथें चढ 37 फुटांस 1 फूट असा आहे. पुष्कळ गाड्यांना मागून जादा एंजिनें लावावीं लागतात. मार्ग वळणें घेत बोगद्यांत शिरतो व बाहेर पडतो. दाराशीं न जातां दोन्ही खिडक्यांकडे आळीपाळीनें पाहावें, हेंच बरें.

मुरबाडची गोष्ट निराळी. कल्याणहून मुरबाड, टोकावडेमार्गें माळशेज घाटाकडे जाणारी सडक सामान्यतः पूर्वेस जाते. सिद्धगड, मच्छिंद्र-गोरखगडाचे सुळके, पुढें वैशाखरे गांवाजवळ नाणेघाटाचा अंगठ्यासारखा कडा, हें सारें उजव्या अंगास. आणि हिंवाळ्यांत सूर्यहि त्याच अंगास! सावली हवी असेल तर डावीकडे बसावें; पण अशानें मुरबाडचा प्रवास व्यर्थ गेला म्हणावयाचा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य येथें डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो, त्यामुळें ही अडचण तेवढे दिवस टळते. मात्र पाऊस लागला कीं डोंगरच धुक्यांत दडतात.

विमानांतहि हिशेब हाच. भर पडते ती पंखाची. पंखावरच्या खिडकींतून खालचा मुलूख झांकला जातो, आणि पंखाखालीं एंजिन असल्यास त्याच्या मागच्या रांगेंतून तप्त झोतामुळें दृश्य थरथरतें. म्हणून पुढची रांग मागावी. जमीन पाहावयाची तर सूर्याला पाठ देणारी बाजू उत्तम. आणि खालीं ढगांचा थर असेल, तर त्याच बाजूस कित्येकदां ढगांवर रंगीत वर्तुळ उमटतें व विमान फार उंच नसल्यास त्याच्या मधोमध विमानाची सावली धांवतांना दिसते.