एकरी हिशेब, माणशी हिशेब

ताटामागचं अर्थकारण : लेखांक ९

मागच्या लेखात आपण हमीभावाची खरेदी, अन्न महामंडळाची गोदामं आणि रेशन दुकान एवढी साखळी पाहिली. धान्य पिकल्यानंतरची ही गोष्ट झाली. या आठवड्यात त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ : देशाला पुरेल एवढं अन्न पिकवायचं कुणी? दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने, की शेकडो एकरांवर यंत्रं फिरवणाऱ्या मोठ्या शेतीने? ‘तुकड्यांची शेती आता पुरे, जमिनी एकत्र करा आणि कंपन्यांच्या हाती द्या’ हा सल्ला दर काही वर्षांनी नव्या कपड्यांत हजर होतो, म्हणून तो नीट तपासायला हवा.

आधी आकडे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातलं सरासरी खातं १.०८ हेक्टरचं, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आतलं आहे. १९७०-७१ मध्ये ते २.२८ हेक्टर होतं. शंभरातली ८६ खाती दोन हेक्टरच्या आतली आहेत आणि त्यांच्याकडे लागवडीखालची जेमतेम ४७ टक्के जमीन आहे. अमेरिकेत २०२२ च्या गणनेत सरासरी शेत ४६३ एकरांचं निघालं. तिथला एक शेतकरी जेवढं धान्य काढतो, तेवढं काढायला आपल्याकडे अख्खं गाव लागेल. मग आपली शेती मागासलेली, असा निकाल लगेच देता येतो. पण तो माणशी उत्पन्नावर दिलेला निकाल आहे. एकरी उत्पन्न मोजायला घेतलं की चित्र बदलतं.

रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव्ह यांनी १९२० च्या दशकात कुटुंबाच्या शेतीचा हिशेब कारखान्याच्या हिशेबापेक्षा वेगळा असतो, हे मांडलं. आपल्याकडे १९५० च्या दशकात सरकारने वेगवेगळ्या राज्यांत शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्या केल्या. शेत जसजसं लहान, तसतसं एकरी उत्पन्न जास्त, असं त्यांत दिसलं. १९६२ साली अमर्त्य सेन यांनी मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’त त्याचं कारण उलगडून दाखवलं. मजूर लावणारा मोठा शेतकरी, मजुरीचे पैसे सुटत नाहीत त्या ठिकाणी काम थांबवतो. घरचीच माणसं राबतात तिथे आणखी एक खुरपणी होते, बांधावर तुरीची ओळ पडते, कोपऱ्यात भाजीचे चार वाफे होतात. त्या जास्तीच्या श्रमाला बाहेर दुसरी मजुरी मिळणार नसते, म्हणून तो शेतातच जिरतो आणि एकरी उतारा वाढवतो.

हा नियम दगडावरची रेघ नाही. हरितक्रांतीनंतर बियाणं, खत, पंप आणि ट्रॅक्टर हाती असलेल्या मोठ्या शेतकऱ्याने बऱ्याच ठिकाणी हे अंतर भरून काढलं, आणि अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. तरी एक गोष्ट उरतेच. जमीन कमी आणि हात भरपूर असलेल्या देशाची अन्नसुरक्षा आधी एकरी उत्पन्नावर ठरते. जमीन भरपूर आणि माणसं कमी असलेल्या देशाला माणशी उत्पन्नाचा विचार परवडतो. १९५०-५१ मध्ये आपलं अन्नधान्य सुमारे ५ कोटी १० लाख टन होतं. २०२३-२४ मध्ये ते ३३ कोटी टनांच्या पुढे गेलं. या काळात सरासरी शेत सतत लहानच होत गेलं.

मोठ्या शेतीचा प्रयोग आपण कधी मनावर घेतलाच नाही, असंही नाही. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडे ठेवून कसणूक मात्र एकत्र, अशा सहकारी संयुक्त शेतीचा ठराव तिथे पंडित नेहरूंच्या पुढाकाराने आला. चौधरी चरणसिंग यांनी तिथेच उभं राहून त्याला विरोध केला. त्याच वर्षी राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला, त्यामागेही हा ठराव होता. चरणसिंगांचा मुद्दा साधा होता : बांध मोडले की राबण्यातली आपुलकीही मोडते. सोव्हिएत रशियाचा अनुभव त्यांच्या बाजूने बोलत होता. तिथे १९२९ पासून सक्तीने सामुदायिक शेतं उभी राहिली आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. चायानोव्ह यांना १९३० मध्ये अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. पुढे त्याच देशात घरामागच्या छोट्या खासगी तुकड्यांनी, जेमतेम तीन टक्के जमिनीवर, शेतीमालाचा सुमारे चौथा हिस्सा पिकवला. सामुदायिक शेतावरचा चारा या तुकड्यांवरच्या गाईंना मिळत होता, हे खरं. पण राबणारे हातही तेच होते.

नागपूरचा ठराव कागदावर राहिला. महाराष्ट्रात मात्र मोठ्या सलग शेतीची परीक्षा प्रत्यक्ष झाली. प्रवरा, गोदावरी, नीरा यांच्या कालव्यांवर खासगी साखर कारखान्यांनी ब्रिटिश काळात शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेतल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात त्या सरकारकडे आल्या. या मळ्यांचे तुकडे केले तर ऊस घटेल, या युक्तिवादावर ते अखंड ठेवले गेले आणि ते कसायला १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ निघालं. सपाट जमीन, कालव्याचं पाणी, ट्रॅक्टर, पगारी माणसं, सगळं होतं. तरी महामंडळ तोट्यात रुतलं, कित्येक मळे पडीक राहिले, कामगारांची देणी थकली. खंडकरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झगडून २०१२ पासून जमिनी परत मिळवायला सुरुवात केली.

याच कालव्यांच्या पट्ट्यात, नगर जिल्ह्यातल्या लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या अखेरीस त्याचं पहिलं गाळप झालं. तिथे एकाही सभासदाचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर गेला नाही. ज्याने त्याने आपापला ऊस लावला. तोडणीचा कार्यक्रम, वाहतूक, गाळप आणि विक्री मात्र एकत्र झाली. महामंडळाच्या अपयशात सरकारी कारभाराचा वाटा मोठा आहे, आणि सहकारी कारखानदारीत पुढे राजकारण शिरलं, उसाने पाणीही बेसुमार प्यालं. हे सगळं धरूनही दोन्ही प्रयोगांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे : एकाने जमीन एकत्र केली, दुसऱ्याने जमिनीबाहेरचं काम.

आता लहान शेतीची दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर हा लेख भाबडा ठरेल. सरकारी गोदामं भरणारा गहू मोठ्या प्रमाणावर पंजाब-हरियाणातून येतो आणि पंजाबचं सरासरी खातं ३.६२ हेक्टरचं, देशाच्या तिपटीहून मोठं आहे. लहान शेतकरी पिकवतो त्यातलं बरंच घरी खातो. शहराला लागतं ते बाजारात आलेलं धान्य. दुसरं, लहान शेत म्हणजे आपोआप विविधता, असंही नाही. लातूर-धाराशिवकडे खरिपात मैलोन्‌मैल सोयाबीनच दिसतं. एकाच वाणावर विसंबण्याचा धोका अमेरिकेने १९७० मध्ये भोगला : बहुतेक मक्याच्या बियाण्यात एकच अंश सामायिक होता, करपा आला आणि पंधरा टक्के पीक गेलं. आपल्या छोट्या शेतांवरही एकच पीक उभं असेल, तर बांध रोगाला अडवत नाहीत.

तिसरी बाजू सगळ्यात बोचरी. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात पिकांतून ३,७९८ रुपये आले आणि मजुरी-पगारातून ४,०६३ रुपये. देशाचं पोट भरणाऱ्याला स्वतःचं घर चालवायला दुसऱ्याकडे कामाला जावं लागतं. एकरी हिशेबात जिंकलेला शेतकरी माणशी हिशेबात हरतो, तो असा. नुसतं ‘लहान ते सुंदर’ म्हणून त्याचं घर चालत नाही.

दोन्ही हिशेब एकाच वेळी जुळवून दाखवले ते दुधाने. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यात सुरू झालेला संघ, १९६५ मधलं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि १९७० ची दूधमहापूर योजना यांनी मोठे गोठे बांधले नाहीत. दोन म्हशींचं दूध गावच्या डेअरीवर आलं, तिथे फॅट पाहून त्याचा भाव ठरला. शीतकरण, पावडर आणि ब्रँड मात्र कोणत्याही कंपनीच्या तोडीचे झाले. १९५०-५१ मध्ये १ कोटी ७० लाख टन असलेलं दूध २०२२-२३ मध्ये २३ कोटी टनांवर गेलं आणि भारत जगात पहिला आहे. फळांत हीच वाट नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने धरली : बागा ज्याच्या त्याच्या, पॅकहाउस आणि निर्यात सगळ्यांची.

डाळी आणि तेलबियांत अशी घडी अजून बसलेली नाही, आणि खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आपण आयातीवर भागवतो. तूर, करडई, भुईमूग ही कोरडवाहू, लहान शेतांची पिकं आहेत. त्यांना गावात गोदाम, जवळ डाळमिल किंवा तेलघाणा, अवजार बँक आणि खरेदीची खात्री हवी.

तेव्हा शेतीची एखादी नवी योजना जाहीर झाली की वाचकांनी एकच तपासावं : ती काय एकत्र करते आहे? जमीन एकत्र करत असेल, तर सावध राहावं. साठवण, प्रक्रिया, यंत्रं आणि विक्री एकत्र करत असेल, तर तिच्या पाठीशी उभं राहावं.

(पुढच्या आठवड्यात : खाद्यतेल बाहेरून का आणावं लागतं?)