तिरप्या उन्हात उमटणारी अक्षरं

कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी १७६७ सालची. एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स आणि कवी डेरोझिओ इथेच विसावले आहेत. दाट झाडांखालच्या या थडग्यांवरचे अनेक लेख आता झिजलेत. ते टिपायला जुना, स्वस्तातला डिजिटल कॅमेराही पुरतो. ऊन मात्र नेमकं गाठावं लागतं.

ऊन समोरून पडलं की कोरीव अक्षरं दगडात विरून जातात. तेच दगडाला जवळजवळ घासून गेलं, तर अगदी उथळ रेघेच्याही एका कडेवर उजेड आणि दुसरीवर सावली पडते. पुसट नाव चक्क वाचता येतं! सावलीतल्या दगडावर बाजूने आरशाचा कवडसा टाकूनही हे साधतं.

छोट्या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे इवलीशी वाटी. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन ती लवकर काठोकाठ भरतात आणि पानांतून आलेलं ऊन फोटोत नुसता पांढरा डाग होतं. म्हणून एक्स्पोजर उणे ०.७, आयएसओ सर्वांत कमी, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि सेल्फ-टायमर चालू ठेवावा. अक्षरं उठावीत म्हणून दगडावर खडू किंवा पीठ मात्र कृपा करून चोळू नका; खडू दगड खरवडतो, पिठावर बुरशी धरते.