कोयता आणि यंत्र : लागणीपूर्वी करावयाचा विचार



हंगाम तोंडावर आला की चावडीवर, गट ऑफिसात, दूध संस्थेच्या कट्ट्यावर एकच विषय निघतो. यंदा तोड कशी व्हायची? टोळी येणार का, आली तर किती कोयत्यांची, मुकादम उचल घेऊन पसार तर होणार नाही ना? मग कोणी तरी म्हणतो, "कारखान्यानं सरळ यंत्रं घ्यावीत, कटकटच मिटंल." त्यावर दुसरा म्हणतो, "यंत्र वावर दाबतंय, पाचटाचं वजन कापलं जातंय आणि वाढं बी मिळत नाही. आपला कोयताच बरा." दोघांचेही म्हणणे निम्मे निम्मे खरे आहे. म्हणून या अंकात ऊसतोडणी यंत्राची माहिती जरा सविस्तर देत आहोत.

हा विषय आताच घेण्याचे कारण असे की यंत्राचा निर्णय तोडीच्या वेळी होत नसतो, तो लागणीच्या वेळी होतो. आज जी सरी सोडाल ती लागण आणि दोन खोडवे धरून तीन-साडेतीन वर्षे बदलता येत नाही.

यंत्राची गरज का भासली?

२०२१-२२ चा हंगाम आपल्या सर्वांच्या लक्षात असेल. राज्यात विक्रमी, १३ कोटी टनांच्या वर गाळप झाले आणि कारखाने जूनपर्यंत चालले. मराठवाड्यात तर मे महिन्याच्या उन्हात ऊस वावरातच वाळत उभा होता. तोडणाऱ्यांची संख्या उसाच्या मानाने कमी पडली. मजुरांची मुले शिकू लागली, काहींना शहरात काम मिळाले. पुढची पिढी कोयता हातात घ्यायला राजी नाही. हे वाईट झाले असे कोणी म्हणू नये. आपलीही मुले आपण शिकवतोच की.

यानंतर २०२३ मध्ये शासनाने राज्यात ९०० यंत्रांसाठी अनुदान योजना जाहीर केली. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल ते, असे अनुदानाचे स्वरूप होते. मोठ्या यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते हे पाहता रक्कम लहान नाही. तरीही हिशेब करून पाहा. एक यंत्र दिवसाला १०० टन आणि हंगामात १२० दिवस चालले असे धरले, तर ९०० यंत्रे मिळून सुमारे १ कोटी ८ लाख टन ऊस तोडतील. राज्याचे गाळप २०२३-२४ मध्ये साडेदहा कोटी टनांच्या पुढे होते. म्हणजे एवढी सगळी यंत्रे आली तरी दहा टनांतला एकच टन यंत्राने तुटेल. यंत्र आले म्हणून उद्या कोयता जाणार नाही, आणि टोळ्या येतात म्हणून यंत्राचे येणे थांबणारही नाही.

यंत्र काम कसे करते?

यंत्राच्या पुढच्या बाजूस दोन फिरते, मळसूत्रासारखे भाग असतात. ते वाकलेला ऊस उचलून ओळीत आणतात. वर शेंडा छाटणारे पाते असते. खाली जमिनीलगत दोन चकत्या उलटसुलट फिरतात व ऊस बुडातून कापतात. पुढे रूळ ऊस आत ओढतात आणि त्याचे वीतभर लांबीचे तुकडे होतात. हे तुकडे पडताना मोठ्या पंख्याच्या झोताने पाला बाहेर फेकला जातो व तुकडे पट्ट्यावरून शेजारी चालणाऱ्या ट्रॉलीत जातात.

यातच यंत्राचे गुण आणि दोष दोन्ही आले.

गुण असा की पाचट रानात सारखे पसरते आणि पेटवायची गरज राहत नाही. एकरी ३ ते ४ टन पाचट निघते. ते जाळले तर सेंद्रिय कर्ब धुरात जातो. ठेवले तर खोडव्याला ओल टिकते, तण दबते. ते लवकर कुजावे म्हणून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत, ही शिफारस आपल्या जुन्या सभासदांना पाठच आहे.

दोष तीन आहेत, आणि तिन्हींचा संबंध पैशाशी आहे.

पहिला वजनाचा. पंखा सगळा पाला काढू शकत नाही. थोडा पाला, थोडी माती उसाबरोबर काट्यावर जाते. म्हणून यंत्राने तोडलेल्या उसाच्या वजनातून पाचटापोटी कपात होते आणि तीच सभासदाला डाचते. पंखा जोरात फिरवला तर पाला कमी येतो, मात्र उसाचे तुकडेही झोताबरोबर रानात उडतात. ते वजन तर काट्यावर येतच नाही. यासाठी सोपा उपाय आहे. यंत्र गेल्यावर एक गुंठा मोजून घ्या, त्यातले पडलेले तुकडे व बुडखे गोळा करून वजन करा आणि ४० ने गुणा. गुंठ्यात १० किलो सापडले तर एकरी ४०० किलो ऊस रानात राहिला. हा आकडा चालकाला आणि चिटबॉयला तिथेच दाखवावा. बांधावर झालेली तक्रार लवकर मिटते.

दुसरा उताऱ्याचा. अख्ख्या उसाला दोनच तोंडे असतात. त्याचे बारा तुकडे केले की चोवीस तोंडे उघडी पडतात. तेथून जंतू आत शिरतात आणि साखर खाऊ लागतात. हाताने तोडलेला ऊस एखादा दिवस तग धरतो; तुकड्यांचा ऊस शक्यतो १२ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. यंत्र पळते आणि ट्रॉल्या यार्डात रांगेत उभ्या, असे झाले तर उतारा घसरेल. भाव उताऱ्यावर ठरतो, त्यामुळे ज्याच्या रानात यंत्र कधी गेलेच नाही त्या सभासदालाही त्याची झळ बसते.

तिसरा जमिनीचा. लहान यंत्र सात-आठ टनांचे, मोठे पंधरा टनांच्याही पुढे. शिवाय भरलेली ट्रॉली. ओल्या काळ्या रानात हे वजन फिरले की जमीन विटेसारखी घट्ट होते आणि खोडव्याची मुळे खाली जात नाहीत. तोडीआधी दोन-तीन आठवडे पाणी बंद करावे. माती मुठीत दाबून गोळा होत असेल तर त्या दिवशी यंत्र आत घेऊ नये.

वाढ्याचे दुखणे वेगळेच. यंत्र शेंड्याचे तुकडे करून रानात फेकते. ज्यांच्या दारात चार जनावरे आहेत त्यांची हंगामातील ओली वैरण त्यामुळे जाते. यंत्र बोलावणाऱ्याने चाऱ्याची सोय आधीच करून ठेवावी.

यंत्रासाठी रान कसे हवे?

तीन-साडेतीन फुटांच्या सरीत यंत्राची चाके उसाच्या बुडख्यावर चढतात. सरी निदान साडेचार, शक्यतो पाच फुटांची हवी. जोडओळ लावायची तर दोन ओळी जवळ घेऊन पट्टा मोकळा ठेवावा. मोठी बांधणी सारखी करावी, ढेकळे व दगड ओळीत राहू देऊ नयेत. टोकाला यंत्र वळण्याइतकी जागा सोडावी. ठिबकच्या नळ्या तोडीआधी गुंडाळाव्यात. दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यात यंत्र आणणे परवडत नाही; शेजारच्या चार-पाच सभासदांनी एकाच जातीची, एकाच आठवड्यात, एकाच दिशेने लागण केली तरच यंत्राला सलग रान मिळते. हे काम यंत्राने होत नाही, ते भाऊबंदकी बाजूला ठेवल्यानेच होते.

इतरांनी काय केले?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात १८६३ पासून पॅसिफिक बेटांवरील हजारो लोक ऊसमळ्यांत कामासाठी आणले गेले. पुढे १९०१ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांना परत पाठविण्यात आले. नंतर युरोपातून आलेले मजूर तोड करू लागले. १९३४ च्या सुमारास इंगहॅम भागात मजुरांमध्ये उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ आली. हाच आज आपण लेप्टो म्हणतो तो आजार. उंदीर मरावेत म्हणून तोडीआधी ऊस जाळा, अशी मागणी मजुरांनी केली व १९३५ मध्ये संपही केला. त्यातून तेथे ऊस जाळून तोडण्याची रीत रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर मिळेनासे झाले, तसतशी यंत्रे वाढली आणि १९७९ पर्यंत तेथील सगळी तोड यंत्रावर गेली. मग हिरवा ऊस तोडून पाचट रानातच ठेवण्याची पद्धत पसरली. एक गोष्ट मात्र त्यांना उशिरा उमगली. सततच्या उसाने आणि यंत्राच्या वजनाने जमिनी थकल्या होत्या. तेव्हा चाकांच्या वाटा ठरवून देणे, त्या मानाने सरी रुंद करणे आणि उसानंतर द्विदल पीक घेणे हा मार्ग त्यांनी धरला.

ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्याने २००२ मध्ये ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. यंत्र चालेल अशा जमिनींसाठी २०२१ ची मुदत होती. २००७ मध्ये शासन व कारखान्यांनी आपसांत करार करून ती २०१४ वर आणली. धूर थांबला, हवा सुधारली. मात्र न जाळलेला ऊस हाताने तोडणे परवडत नसल्याने दहा-बारा वर्षांतच जवळजवळ सारी तोड यंत्रावर गेली आणि ईशान्येकडील कोरडवाहू भागातून येणाऱ्या मजुरांचे काम गेले. काहींना ट्रॅक्टर व यंत्र चालविण्याचे शिक्षण मिळाले, पण मजुरांची संख्या पाहता ते पुरेसे नव्हते.

दोन्हीकडे यंत्र एकच. फरक पडला तो वेगामुळे. मजूर आपणहून दुसऱ्या कामाला गेले आणि मागून यंत्र आले, तर कोणाचे पोट मारले जात नाही. यंत्र आधी आणि भराभर आले, तर ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्यावर सगळा भार पडतो.

कोयत्याच्या बाजूने पाहताना

टोळीविषयी आपल्या तक्रारी पुष्कळ आहेत. खुशालीचे पैसे मागतात, बुडखे ठेवतात, उचल बुडवतात. या तक्रारी खोट्या नाहीत. पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही एकदा मांडू.

नवरा-बायको मिळून एक कोयता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली व टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. दोघे मिळून दिवसाला दीड ते दोन टन तोडतात. म्हणजे पहाटेपासून मोळी गाडीत चढेपर्यंत दोन माणसांना ५५० ते ७३० रुपये पडतात, आणि त्यातूनच आधी उचल फेडायची. राहायला कोपी, प्यायला मिळेल ते पाणी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात शासनाच्या समितीमार्फत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा बायकांमागे एक. खाडा पडला की दंड, म्हणून दुखणे अंगावर काढायचे; हे त्याचे एक कारण. असे काम जसेच्या तसे चालू राहावे असे कोणीही माणूस म्हणणार नाही. मात्र ते सुधारणे वेगळे आणि त्या माणसांना नुसते घरी बसविणे वेगळे. १०० टनांचे एक यंत्र म्हणजे साधारण साठ कोयते, १२० माणसे.

२०२१ मध्ये शासनाने ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना मंजुरी दिली. मजुरांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये व शासनाने तेवढेच घालावेत असे ठरले. हे दहा रुपये म्हणजे भुर्दंड नव्हे. ज्या पोराच्या आईबापाने आपला ऊस तोडला, त्या पोराला कोयता धरावा लागू नये म्हणून दिलेले ते आपले देणे आहे.

आपण काय करावे?

साखर कारखाना सहकारी आहे, म्हणजे यंत्राचा नफा-तोटा एकट्या मालकाचा नाही. म्हणून वार्षिक सभेत सभासदांनी पुढील गोष्टी जरूर विचाराव्यात.

१) यंत्राने तोडलेला ऊस वावरातून गव्हाणीपर्यंत किती तासांत पोहोचतो? यार्डात त्याची वेगळी रांग आहे का?

२) पाचटाची कपात ठरविताना नमुने कोण घेतो आणि सभासदासमोर घेतो का?

३) नवीन यंत्रे टोळ्यांची जितकी तूट आहे तितकीच घेतली जातात, की येणाऱ्या टोळ्यांना बाजूला सारून?

४) चालक व मदतनीस नेमताना टोळीतील शिकलेल्या तरुणांना शिकवून घेतले जाते का? ऊसरोपवाटिका आणि पाचट व्यवस्थापनाचे काम तोडणीतल्या स्त्रियांना मिळू शकते का?

५) ज्या टोळ्या अजून येतात त्यांना पाणी, संडास, दवाखाना आणि मुलांची शाळा यांची सोय काय?

ज्यांचे रान सलग, निचऱ्याचे व रस्त्यालगत आहे त्यांनी पाच फुटी सरीचा विचार जरूर करावा आणि लागणीपूर्वी शेतकी खात्याकडे तशी नोंद द्यावी. ज्यांचे रान तुकड्याचे, चिबडाचे किंवा नदीकाठच्या लोळणाऱ्या उसाचे आहे त्यांनी यंत्राच्या मागे लागून खोडवा बिघडवू नये. तिथे अजून पुष्कळ वर्षे कोयताच चालणार आहे, आणि तो चालवणाऱ्याची पाठ टिकली तरच आपला ऊस वेळेत जाईल.