एक डोळा काढल्यावर

ऑपरेशन करून डोळा काढावा लागला, की पहिले काही दिवस तुम्ही आरसा टाळणार. टाळा. रडू आलं तर रडा. नसलेल्या डोळ्यात कधी उजेड चमकतो, दुखतंसुद्धा. वेड लागलेलं नाही, मेंदूला अजून सवय नाही. डॉक्टरांना सांगा मात्र.

पाणी ग्लासाबाहेर सांडेल, कारण अंतराचा अंदाज दोन डोळ्यांचा असतो. जगची चोच ग्लासाच्या कडेला टेकवून ओता. एसटीची पायरी आधी पायाने चाचपा. मन्सूर अली खान पतौडींची उजव्या डोळ्याची दृष्टी १९६१ च्या कार अपघातात गेली. त्याच डिसेंबरात ते कसोटी खेळले. आपल्याला एवढी घाई नको!

चेहऱ्याचं दुःख वेगळं. १९४२ मध्ये शूटिंगमधल्या थपडेने ललिता पवारांचा डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेच्या भूमिका सुटल्या. 'अनाडी'तली मिसेस डिसा त्यानंतरची.

साधारण दीड-दोन महिन्यांनी कृत्रिम डोळा बसवतात, दुसऱ्याच्या रंगाशी जुळवून. तरी लग्नात मावश्या विचारतीलच. एक वाक्य तयार ठेवा: "काढावा लागला, आता बरं आहे." पुढचं सांगायचं की नाही, तुमची मर्जी.

आणि मित्रांनो, मांडवीला फिरायला जाताना त्याच्या दिसत्या बाजूने चाला. दुसऱ्या बाजूने यायचंच असेल, तर आधी हाक मारा.