गाडीतली झोप ही चैन नव्हे

गेल्या पावसाळ्यात एक ट्रक ड्रायव्हर कंबर धरून माझ्या दवाखान्यात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. आमचे धुळे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्गांच्या चौफुलीवर वसलेले, त्यामुळे असे रुग्ण मला नवीन नाहीत. गोळ्या लिहिता लिहिता विचारले, "झोपता कुठे?"

"गाडीतच, डॉक्टरसाहेब. सीटमागे फळी आहे ना!"

गाडी बाहेरच उभी होती. मी केबिनमध्ये चढून पाहिले. फळी तशी सहा फुटांची, पण एका टोकाला स्टोव्ह, जॅक आणि शिध्याची पिशवी. उरलेल्या जागेत गुडघे पोटाशी घेऊनच पडायचे. अशी कंबर गोळ्यांनी कशी बरी होणार?

त्याहून काळजीची गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. "पहाटे दोनदा डोळा लागला. क्लीनरने हाक मारली म्हणून वाचलो."

वाचकहो, सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकाच मंदावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे! रात्री २ ते ५ आणि दुपारच्या जेवणानंतर झोप अधिक अनावर होते. चहा-तंबाखूने ती थोडी लांबते, टळत नाही.

म्हणून ड्रायव्हर बंधूंनी एवढे करावे. सामान फळीवरून काढून बाहेरच्या पेटीत ठेवावे. रेक्झिनवर जाड गादी घालावी, खिडक्यांना गडद पडदे लावावेत. डोळे जड झाले की ढाब्यावर किंवा पंपावर गाडी लावून वीस मिनिटे झोपावे. रस्त्याच्या कडेला उभी करू नये. जाग आल्यावर दहा-पंधरा मिनिटे फिरून मगच स्टेअरिंग धरावे. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसाही पेंगत असाल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

आणखी एक. बंद केबिनमध्ये स्टोव्ह किंवा शेगडी पेटवून, अथवा इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. झोपेत गुंगी येते ती कायमची. साडेतीन टनांवरील नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे उत्तम झाले. पण काचा बंद राहणार, तेव्हा सायलेन्सरची गळती वेळोवेळी तपासून घ्यावी.

मालकांनाही विनंती. माल वेळेवर पोचावा असे वाटते, तर माणसाच्या झोपेचा वेळ फेरीच्या हिशोबात धरा.

महिन्याभराने ते ड्रायव्हर पुन्हा आले, ते क्लीनरचा ताप दाखवायला. कंबरेचे विचारले, तर म्हणाले, "फळी मोकळी केली, साहेब. आता पाय पसरून झोपतो."

तो उपाय माझ्या औषधांच्या कपाटात नव्हता.