पक्षाविना खुर्ची, मताविना महापौर

मुंबईकरानं आजवर खासदार निवडले, आमदार निवडले, नगरसेवक निवडले. महापौर मात्र त्यानं एकदाही स्वतः निवडलेला नाही. गिरगावचा, परळचा किंवा लालबागचा मतदार बोटाला शाई लावून घेतो ती आपल्या प्रभागातल्या नगरसेवकासाठी. मग असे २२७ नगरसेवक बोरीबंदरसमोरच्या दगडी इमारतीत जमतात आणि आपल्यातल्याच एकाला शहराचा प्रथम नागरिक करतात.

अमेरिकेत याच्या बरोबर उलटा प्रकार पाहायला मिळतो. तिथल्या निम्म्याहून कितीतरी अधिक शहरांत स्थानिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच छापलेलं नसतं. उमेदवारांची नुसती नावं, त्यातून एक निवडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली शहरं पक्षाच्या दादांनी पोखरली होती. नोकऱ्या, कंत्राटं, सगळं पक्षाच्या कचेरीतून वाटलं जायचं. त्याला कंटाळलेल्या सुधारकांनी ही शक्कल काढली. बोस्टन आणि लॉस एंजेलिस या शहरांनी १९०९च्या सुमारास पक्षाचं नाव मतपत्रिकेवरून काढून टाकलं. डेटन हे ओहायो राज्यातलं मध्यम आकाराचं शहर १९१३च्या महापुरात बुडालं आणि त्यातून सावरताना त्यानं कारभार चक्क एका नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती दिला. म्हणजे तिथे मतपत्रिकेवर पक्ष नसतो आणि आपल्याकडे मतपत्रिकेवर महापौरच नसतो!

गंमत अशी, की डेटनला १९१३ मध्ये सुचलेली गोष्ट मुंबईत १८६५ पासून सुरू होती. आणि पक्ष नसलेला महापौरही मुंबईनं पाहिला आहे.

१८६५च्या कायद्यानं मुंबईचा कारभार एका सरकारनियुक्त म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. आजही ज्याला आपण क्रॉफर्ड मार्केट म्हणतो ते त्याच्याच काळातलं. माणूस धडाडीचा. गटारं, रस्ते, साफसफाई, बाजार, सगळ्याला त्यानं हात घातला आणि शहराचं रूप पालटलं. पण पैसा खर्च करताना त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. नावापुरती, सरकारनं नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींची सभा होती, पण किल्ल्या एकट्याच्या हातात. तिजोरी रिकामी झाली आणि १८७१ मध्ये करदाते खवळले.

त्या गदारोळात सव्वीस वर्षांचा एक पारशी बॅरिस्टर धोबी तलावाजवळच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभा राहिला आणि त्यानं भलतंच काही सांगितलं. हा फिरोजशहा मेहता. लोकांना क्रॉफर्डचं डोकं हवं होतं. फिरोजशहांचं म्हणणं असं, की कारभार एका जबाबदार माणसाच्या हाती असणं यात चूक नाही. चूक आहे ती त्याला जाब विचारणारी, लोकांनी निवडलेली सभा नसण्यात. श्रोत्यांना ते मुळीच रुचलं नाही. तरी पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १८७२च्या कायद्यानं चौसष्ट सभासदांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. मग १८८८चा कायदा आला. त्याच्या घडणीत फिरोजशहांचा वाटा इतका मोठा, की मुंबई आज जिच्यावर चालते ती चौकट बऱ्याच अंशी त्यांचीच म्हणावी लागते.

या चौकटीत तीन अधिकारी संस्था होत्या: महापालिकेची सभा, स्थायी समिती आणि कमिशनर. सभेला अध्यक्ष होता, पण तो सभा चालवायला. रस्ता बांधायचा, नळ टाकायचा, माणूस नेमायचा, ते सगळं कमिशनरनं. म्हणजे अध्यक्षाची खुर्ची मुद्दामच हलकी ठेवली गेली. एक क्रॉफर्ड पाहून झाला होता. निवडून आलेला दुसरा क्रॉफर्ड कुणालाच नको होता.

आता या हलक्या खुर्चीचा पुढचा प्रवास पाहा.

तिच्याभोवती सुरुवातीला पक्ष नव्हते, माणसं होती. अर्थात डावपेच होतेच. १९०७ मध्ये खुद्द फिरोजशहांना पाडण्यासाठी काही बडे इंग्रज अधिकारी आणि एक इंग्रज संपादक एकत्र आले. जस्टिस मंडळींनी निवडायच्या सोळा जागांसाठी त्यांनी सोळा नावांची यादीच फिरवली. फिरोजशहा आले सतराव्या क्रमांकावर! पुढे त्या सोळांपैकी एकाची निवड रद्द ठरली आणि फिरोजशहा सभेत परतले. मुंबई महापालिकेतला हा बहुधा पहिला गाजलेला ‘पॅनेल’चा प्रयोग. त्याला ना झेंडा होता, ना जाहीरनामा. एका माणसाला बाहेर ठेवायचं, एवढाच कार्यक्रम.

१९२२ मध्ये मतदानाचं दार थोडं उघडलं. मालमत्ता नसली तरी महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्याला मत मिळालं. गिरगावातल्या कारकुनाच्या, मास्तराच्या बिऱ्हाडापर्यंत महापालिका पोचली ती अशी. गिरणगावातल्या बऱ्याच खोल्यांचं भाडं मात्र त्याहून कमी असायचं, त्यामुळे परळ-लालबागचा गिरणी कामगार दाराबाहेरच राहिला. याच काळात विठ्ठलभाई पटेल सभेत राष्ट्रीय विचारांचा गट बांधून आले आणि अध्यक्षही झाले. गिरगावातला व्ही. पी. रोड त्यांच्याच नावाचा.

१९३१ मध्ये अध्यक्षाचा ‘मेयर’ झाला आणि पहिला मान जे. बी. बोमन-बेहराम यांना मिळाला. इथून पुढची यादी वाचताना थक्क व्हायला होतं. १९३५ मध्ये खुर्शेद नरिमन, पारशी. १९३७ मध्ये डॉ. एलिजा मोझेस, कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा ई. मोझेस रोड त्यांचा. १९३८ मध्ये सुलतान चिनॉय, मुसलमान. १९४२ मध्ये युसुफ मेहेरअली, १९४३ मध्ये मिनू मसानी, १९४४ मध्ये नगीनदास मास्टर. भावाभावांत घरचा गणपती पाळीपाळीनं एकेका घरी बसावा, तशी ही खुर्ची समाजासमाजांत फिरत होती. कायद्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं. मुदत एक वर्षाची, अधिकार जवळजवळ नाहीत, मान मात्र मोठा. जिच्यासाठी फार काही गमवावं लागत नाही ती खुर्ची दुसऱ्याला देणं सोपं जातं. अमेरिकन शहरांनी कायदा करून पक्षाला बाहेर ठेवलं. मुंबईत खुर्चीच्या हलकेपणानं ते काम बरंचसं आपोआप केलं.

पण हलकी खुर्चीही कधी कधी तोफ होते. मेहेरअलींची उमेदवारी ठरली तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. ‘सायमन गो बॅक’ आणि ‘क्विट इंडिया’ या घोषणांचं श्रेय त्यांना दिलं जातं. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा शहराचा महापौर स्वतःच चळवळीत होता, आणि लवकरच पुन्हा गजाआडही गेला. महापालिकेच्या कायद्यानं त्याला एक गटारही स्वतःच्या सहीनं बांधता येत नव्हतं. शहराच्या वतीनं बोलण्याची सोय मात्र त्या पदानं दिली होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महापालिकेची पहिली प्रौढ मतदानाची निवडणूक झाली. भाड्याची अट गेली, गिरणगाव आत आलं, आणि त्याच्याबरोबर पक्षही बळकट होऊन आले. स. का. पाटील १९४९ ते १९५२ सलग तीन वर्षं महापौर राहिले. वर्षाच्या पाळीची सवय तिथेच ढिली झाली. १९५६ मध्ये सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर झाल्या.

मग आलं १९५७. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानं गिरगाव, दादर, परळ, लालबाग पेटलेलं होतं, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनं महापालिका जिंकली. समिती म्हणजे पक्ष म्हणावा तर नाही. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, आंबेडकरी, कुठल्याच पक्षात नसलेले, सगळे एका मागणीपुरते एकत्र. तिचे महापौर पाहा. १९५७ मध्ये आचार्य मो. वा. दोंदे, परळच्या शिरोडकर हायस्कूलचे शिक्षणतज्ज्ञ. केईएम आणि वाडिया रुग्णालयांना लागून जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. १९५८ मध्ये कॉम्रेड शां. सा. मिरजकर, गिरणी कामगार युनियनचे पुढारी आणि मीरत खटल्यातले आरोपी. १९५९ मध्ये आंबेडकरी चळवळीतले पी. टी. बोराळे. शाळामास्तर, कामगार पुढारी, दलित नेता, तीन वर्षांत तीन. ज्या गिरणगावाला पस्तीस वर्षांपूर्वी मतदानाचा हक्क नव्हता, त्याच्या चळवळी आता महापौर ठरवत होत्या. पक्ष आले म्हणून खुर्ची बिघडली, असं सरसकट म्हणणाऱ्यानं हे तीन महापौर आठवावेत. ज्यांच्या हाती संपत्ती, पदव्या किंवा जस्टिसचा मान नव्हता, त्यांना आत यायला संघटनेचाच दरवाजा होता.

साठच्या दशकात पाळीचा जुना संकेत अंधुकसा चालू राहिला. इसाकभाई बंदुकवाला, माधवन, लिओन डिसोझा ही नावं त्याची खूण. १९६६ मध्ये दादरला शिवसेना जन्मली. १९६८ मध्ये तिनं १४० पैकी ४२ जागा घेतल्या आणि १९७१ मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते तिचे पहिले महापौर झाले. तरीही सभागृह अजून मोकळं होतं. मुरली देवरा १९७७ मध्ये महापौर झाले ते काँग्रेसचे असून शिवसेनेच्या पाठिंब्यावर. कोण कुणाला मत देईल, हे शेवटच्या रात्रीपर्यंत सांगता येत नसे.

हा मोकळेपणा संपला तो दोन घटनांनी. १९८५ मध्ये शिवसेनेनं १७० पैकी ७४ जागा जिंकल्या आणि छगन भुजबळ महापौर झाले. १९८६ मध्ये महाराष्ट्रात स्थानिक संस्थांसाठी पक्षांतरबंदीचा कायदा आला. आता नगरसेवकानं पक्षादेश मोडला तर पद जाऊ शकतं. फिरोजशहांच्या सभेत प्रत्येक सभासद स्वतःचा धनी होता; या कायद्यानं सभागृहात प्रत्येकाच्या पाठीशी पक्ष अधिकृतपणे उभा केला. नव्वदच्या दशकात त्यात आरक्षणाच्या सोडतीची भर पडली. महापौर कोणत्या प्रवर्गाचा किंवा महिला असेल की नाही, ते चिठ्ठीनं ठरू लागलं. जुनी पाळी शिष्टाचाराची होती, नवी कायद्याची. मुदतही पुढे एक वर्षावरून अडीच वर्षांवर गेली.

खुर्चीत वजन घालायचा प्रयत्नही एकदा झाला. १९९८ मध्ये ‘मेयर इन कौन्सिल’ पद्धत आणून नंदू साटम महापौर असताना त्यांना आणि त्यांच्या मंडळाला कारभाराचे अधिकार दिले गेले. १९९९ मध्ये तो प्रयोग गुंडाळला गेला आणि १८८८ची चौकट परत आली.

या सगळ्या इतिहासातली सर्वांत चकित करणारी गोष्ट अगदी अलीकडची आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि राज्य सरकारनं आयुक्तांनाच प्रशासक नेमलं. १९८४-८५ मध्ये तसं एकदा झालं होतं, पण ते वर्षभरासाठी. या वेळी जवळजवळ चार वर्षं गेली. आयुक्तच अंदाजपत्रक मांडत आणि प्रशासक म्हणून तेच मंजूर करत. २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं. ना स्थायी समिती, ना सभागृह, ना महापौर, ना पक्ष. राजकारण नको म्हणणाऱ्यांना वाटेल, हेच तर हवं होतं. पण १८६५चा कायदा आठवून पाहा. एक कार्यक्षम अधिकारी, हातात सगळ्या किल्ल्या, आणि जाब विचारायला निवडलेलं कुणी नाही. मुंबई फिरून क्रॉफर्डच्या काळात गेली होती!

जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झालं आणि सभागृह पुन्हा भरलं. पक्षांची ओढाताण, सोडत, बहुमताची ११४ची बेरीज, सगळं परतलं. महापौराला आजही स्वतःच्या सहीनं रस्ता बांधता येत नाही. पण ही खुर्ची सभा बोलावते, विषय पुकारते, नगरसेवकाला प्रश्न विचारू देते आणि प्रशासनाला उत्तर द्यायला लावते. सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांना क्रॉफर्डची जागा नको होती, क्रॉफर्डला विचारणारी जागा हवी होती. नवा महापौर कुठल्या पक्षाचा, याची चर्चा पाच दिवस चालते. त्यानं किंवा तिनं सभागृहात किती प्रश्न विचारू दिले, हे मोजायला मात्र आपल्याकडे अडीच वर्षं असतात.