लिंबूवर्गीय रोपवाटिकेतील वाढ-माध्यमाची निवड : विदर्भातील संत्रा पन्हेरीच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : रोपवाटिका, वाढ-माध्यम, जंबेरी, सच्छिद्रता, फायटोफ्थोरा, सौर निर्जंतुकीकरण, मायकोरायझा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील संत्रा लागवड प्रामुख्याने नागपूर व अमरावती जिल्ह्यांत एकवटलेली आहे. अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातील शेंदूरजना घाट हे गाव तर संत्रा कलमांच्या रोपवाटिकांसाठीच ओळखले जाते. या भागात अशा रोपवाटिकेस 'पन्हेरी' म्हणतात. जंबेरी किंवा रंगपूर लाईमच्या बियांपासून खुंटरोपे तयार करावयाची आणि खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरावयाचा, ही येथील रूढ पद्धत होय. कलम खरेदी करताना बागायतदार पानांचा तजेला, कलमाची उंची आणि डोळ्याचा सांधा पाहतो. मुळे मात्र त्याला दिसत नाहीत. कलम शेतात लावल्यानंतर भरीव बहार हाती येण्यास पाच-सहा वर्षे जातात. मुळांतील दोष तोवर झाकलेला राहतो आणि उघड होतो तेव्हा लावलेला पैसा परत येत नाही. म्हणून रोप कशात वाढविले, हा प्रश्न केवळ पन्हेरीवाल्याचा नाही. प्रस्तुत लेखात या माध्यमाच्या निवडीमागील शास्त्रीय कारणांचा विचार करण्यात आला आहे.

माध्यमाचे खरे कार्य :

रोपासाठी माती निवडताना 'ती किती कसदार आहे' हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. शेतासाठी तो योग्य आहे, पिशवीसाठी तो दुय्यम ठरतो. अन्नद्रव्ये खतातून केव्हाही देता येतात. पिशवीत कोंडलेली हवा आणि पिशवीबरोबर आलेला रोग मात्र मागाहून दुरुस्त करता येत नाही. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर मूळरोम अल्प असतात व ही मुळे प्राणवायूच्या अभावास फार लवकर बळी पडतात. माध्यमाची पहिली कसोटी त्यामुळे हवा ही आहे.

पिशवीतील पाण्याचे वर्तन शेतातील पाण्यासारखे नसते. शेतात पाणी खालच्या थरांकडे ओढले जाते. पिशवीच्या तळाशी मातीचा सलग स्तंभ तुटतो आणि तेथे पाणी साचून राहते. ओला स्पंज आडवा धरला असता त्यातून पाणी गळणे थांबते, तोच उभा केला की पुन्हा पाणी सुटते. माध्यम तेच असले तरी उथळ ट्रेमध्ये ते अधिक ओलसर राहते व उंच पिशवीत त्याचा वरचा भाग मोकळा राहतो, याचे कारण हेच. तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज सार्वत्रिक असला तरी निराधार आहे. त्याने साचलेल्या पाण्याचा थर केवळ वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. उपाय माध्यमाच्या कणांच्या आकारात शोधावा लागतो.

हवेचे प्रमाण मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. छिद्रे बंद केलेल्या कुंडीत माध्यम भरून ते पूर्ण संपृक्त होईपर्यंत सावकाश पाणी द्यावे, नंतर छिद्रे उघडून निथळणारे पाणी मोजावे. समजा, एक लिटर माध्यमातून १५० मिलिलिटर पाणी निथळले, तर हवायुक्त सच्छिद्रता १५ टक्के झाली. सामान्यतः १० टक्क्यांहून कमी सच्छिद्रता धोक्याची मानावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हा प्रयोग एका तासिकेत करता येईल.

काळी माती, वाळू आणि कोकोपीट :

विदर्भातील काळी माती सूक्ष्म चिकणकणांनी भरलेली, ओली होताच फुगणारी व वाळताच भेगाळणारी आहे. पिशवीत ती दोन-चार पाण्यांतच दबून बसते. तिच्यात बहुधा चुनखडी असते आणि सामू आठच्या आसपास जातो. अशा स्थितीत लोह व जस्त मुळांना उपलब्ध होत नाहीत आणि कोवळी पाने शिरांमध्ये पिवळी पडतात. विहिरीचे कठीण पाणी ही अडचण महिन्यागणिक वाढवते.

माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे समभाग मिश्रण हा प्रचलित उपाय आहे. तो टाकाऊ नाही, परंतु वाळू जाडी असली तरच उपयोगी ठरतो. बारीक वाळू चिकणमातीच्या फटींत बसते आणि मिश्रण अधिकच घट्ट होते. काळ्या मातीऐवजी पोयटा मिळाल्यास तो घेणे केव्हाही श्रेयस्कर. शेणखत अर्धवट कुजलेले असल्यास अमोनिया, तणांचे बी आणि हुमणी ही तिन्ही संकटे एकदम येतात.

कोकोपीट हलके, हवेशीर आणि भरपूर पाणी धरणारे आहे. त्याचा दोष असा की ते धुतलेले नसल्यास त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार राहतात, आणि लिंबूवर्गीय रोपे क्षारांना अत्यंत संवेदनशील असतात. गोड्या पाण्याने वारंवार धुणे व त्यानंतर कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजविणे हा त्यावरील मान्य उपाय आहे. कोकोपीटमध्ये स्वतःची अन्नद्रव्ये नगण्य असल्याने खताचे वेळापत्रक काटेकोर ठेवावे लागते. ज्यांना ते ठेवणे शक्य नाही, त्यांनी पोयटा, जाडी वाळू व कोकोपीट यांचे मिश्रण वापरणे अधिक सुरक्षित म्हणावे लागेल.

निर्जंतुकीकरण आणि त्याची दुसरी बाजू :

मूळकूज व डिंक्या या रोगांना कारणीभूत असणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसदृश जीव आहे. त्याचे चलबीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. हवेचा व रोगाचा प्रश्न येथे एकत्र येतो : निचरा नसलेली पिशवी ही त्या बीजाणूंसाठी तयार वाटच होय. जंबेरीची मुळे या रोगास विशेष बळी पडतात. ज्या जमिनीत वर्षानुवर्षे कलमे काढली गेली, तीच माती पिशवीत भरणे म्हणजे रोग ग्राहकाच्या शेतात पोचता करणे होय.

इस्रायलमध्ये काटान व सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलेली सौर निर्जंतुकीकरणाची पद्धत विदर्भाच्या उन्हाळ्यास अतिशय अनुकूल आहे. एप्रिल-मे महिन्यांत मिश्रण सुमारे १५ सेंटिमीटर जाडीने पसरून ओले करावे आणि पातळ, पारदर्शक पॉलिथिनने कडा बंद करून चार ते सहा आठवडे झाकावे. काळे पॉलिथिन चालत नाही, कारण उष्णता त्याच्या पृष्ठभागावरच शोषली जाते. ओलावाही आवश्यक आहे. कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही.

तथापि निर्जंतुकीकरण जितके कडक तितके चांगले, असे समजणे चूक ठरेल. अमेरिकेतील लिंबूवर्गीय रोपवाटिकांत जमिनीस विषारी धुरी दिल्यानंतर रोपे खुरटत असत आणि त्याचे कारण बराच काळ उमगले नव्हते. क्लाइनश्मिट व गर्डेमन यांनी १९७२ मध्ये दाखविले की धुरीमुळे रोगजंतूंबरोबर मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशीही नष्ट झाली होती. तिच्यावाचून रोपांना स्फुरद पुरेसे मिळत नव्हते. मूळरोम अल्प असलेल्या या पिकास ती बुरशी मुळांचाच विस्तार ठरते. उष्णता किंवा रसायन दिलेल्या माध्यमात, तसेच कोकोपीटमध्येही, मायकोरायझा पेरणीच्या वेळी बियांखाली घालावी. याच कालावधीत स्फुरदयुक्त खताचा मोठा हप्ता टाळावा, अन्यथा ती मुळांत नीट रुजत नाही.

स्वच्छ माध्यम भरलेल्या पिशव्या पुन्हा जुन्या वाफ्याच्या मातीवर मांडल्यास केलेले श्रम वाया जातात. खडीच्या थरावर किंवा मांडणीवर त्या जमिनीपासून अलग ठेवल्या पाहिजेत. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००३ पासून लिंबूवर्गीय कलमे जाळीगृहातच तयार करणे सक्तीचे केले. तेथे मूळ कारण कीटकाद्वारे पसरणारा जिवाणूजन्य रोग हे होते. त्या बदलात शेतातील मातीची जागाही पाइनच्या सालीच्या माध्यमाने घेतली.

खरेदीच्या वेळची तपासणी :

बागायतदाराने शंभर कलमांमागे दोन-तीन पिशव्या फाडून मुळे पाण्यात धुऊन पाहण्याचा आग्रह धरावा. निरोगी तंतुमुळे पांढरट-पिवळसर व टणक असतात. कुजलेल्या मुळाची साल चिमटीत धरून ओढताच सहज निसटते आणि हातात दोऱ्यासारखा गाभा उरतो. सोटमूळ तळाशी वळून गुंडाळलेले आढळल्यास रोप पिशवीत प्रमाणाबाहेर राहिले असे समजावे. फाडलेल्या पिशव्यांची किंमत कोणी सोसावी, हे सौदा ठरण्यापूर्वीच बोलून घेणे बरे.